गाळातील पारा कोणाचा?

नदीच्या गाळावरून प्रदूषणाचा उगम ओळखण्याची समस्थानिक पद्धत

दौंड तालुक्यातील राहू व त्याच्या आसपासची गावे दोन नद्यांच्या मध्ये वसलेली आहेत. एका अंगाने मुळा-मुठा व दुसऱ्या अंगाने भीमा वाहते. मधल्या या भूभागास लोक राहू बेट म्हणतात. शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे या दोन नद्यांचा संगम होतो व पुढे भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात जाऊन विसावते. ऊस हे बेटाचे मुख्य पीक होय. नदीने या भागास पाणी दिले, तसा वर्षानुवर्षे गाळही दिला.

परंतु नदी जे देते, ते तिला वरून मिळालेले असते. मुळा व मुठा या नद्या पुणे शहरातून वाहत येतात. पिंपरी-चिंचवडकडून येणारी पवना दापोडीजवळ मुळेस मिळते. भीमेस तुळापूर येथे इंद्रायणी मिळते. तेव्हा राहू बेटाच्या दोन्ही काठांवर शहराचे, कारखान्यांचे व शेतीचे पाणी एकत्र होऊन येते. त्यातील जे विरघळते ते पुढे जाते, आणि जे मातीच्या कणांस चिकटते ते बंधाऱ्याच्या पोटात गाळ होऊन बसते.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की हा गाळ उघडा पडतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली सुरू झाल्यापासून तलावाच्या गाळाचे महत्त्व सर्वांना पटले आहे. तथापि माळावरच्या पाझर तलावाचा गाळ व मोठ्या शहराच्या खाली साचलेला नदीचा गाळ या दोन वस्तू एक नव्हेत. दुसऱ्या प्रकारच्या गाळात जड धातू असू शकतात, आणि त्यांपैकी अत्यंत घातक धातू म्हणजे पारा. राहूच्या गाळात पारा आहेच, असे येथे सुचवावयाचे नाही. गाळात पारा आढळल्यास तो कोणाचा, हे ओळखण्याची शास्त्रीय रीत कोणती आणि त्या रीतीचा गावास उपयोग काय, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पारा गाळात काय करतो?

पारा हे मूलद्रव्य आहे. कीटकनाशकाप्रमाणे ते कालांतराने कुजून निरुपद्रवी होत नाही. एकदा आलेला पारा जागा बदलतो, रूप बदलतो, पण नाहीसा होत नाही. मातीचे बारीक कण व कुजलेला पाला त्यास धरून ठेवतात. म्हणून वाहत्या पाण्याच्या नमुन्यात पारा आढळला नाही, तरी तळाच्या गाळात तो असू शकतो.

खरा धोका यापुढे आहे. जेथे हवा पोचत नाही अशा काळ्या, दुर्गंधीयुक्त गाळात काही जिवाणू पाऱ्याचे मिथिल पारा या विषारी संयुगात रूपांतर करतात. ते सूक्ष्म जीवांतून लहान माशांत व लहान माशांतून मोठ्या माशांत जाते, आणि प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढत जाते. मरळीसारख्या मांसाहारी माशात ते शाकाहारी माशापेक्षा अधिक साठते. मज्जासंस्था व पोटातील गर्भ यांवर त्याचा परिणाम होतो. जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांवाटे लोकांच्या पोटात गेला. त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. उपसागराच्या तळाचा विषारी गाळ काढून बंदिस्त करण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालू होते. काही वर्षांच्या दुर्लक्षाचे निवारण करण्यास किती काळ लागतो, हे यावरून दिसून येते.

ऊस, ज्वारी यांसारखी पिके जमिनीतील पारा मुळाशीच बरासचा अडवून ठेवतात व वर फार थोडा जाऊ देतात. साचलेल्या पाण्यातील भाताची गोष्ट वेगळी आहे. पाऱ्याच्या खाणींच्या भागात भाताच्या दाण्यात मिथिल पारा साठल्याचे चीनमध्ये आढळून आले आहे. तथापि उसात पारा कमी जातो म्हणून जमिनीत कितीही घालावा, असे होत नाही. एक साधा हिशेब पाहावा. एकरी १०० टन गाळ पसरला व त्याच्या प्रत्येक किलोत १ मिलिग्रॅम पारा असला, तर त्या एकरात १०० ग्रॅम पारा पडला. एका एकराच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे ९०० टन भरते. म्हणजे त्या थरात किलोमागे सुमारे ०.११ मिलिग्रॅमची भर पडली. स्वच्छ जमिनीत सर्वसाधारणपणे असणारा पारा याहून कमी असतो. एका उन्हाळ्यात पडलेली ही भर पुढील पिढ्यांना काढता येणार नाही.

पारा येतो कोठून?

नदीच्या गाळात पारा येण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत.

पहिला मार्ग शहराच्या सांडपाण्याचा. फुटलेले तापमापक व रक्तदाबमापक, ट्यूबलाइट, जुन्या बॅटऱ्या, दातांत भरावयाचे चांदी-पाऱ्याचे मिश्रण यांतील पारा गटारात जातो.

दुसरा मार्ग कारखान्यांचा. कॉस्टिक सोडा व क्लोरिन तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे घट वापरीत असत.

तिसरा मार्ग हवेचा. दगडी कोळशात अल्प पारा असतो. कोळसा जळाला की तो वाफ होऊन हवेत जातो, शेकडो मैल प्रवास करतो व पावसाबरोबर किंवा झाडांच्या पानांवाटे जमिनीवर उतरतो.

चौथा मार्ग शेतीचा आहे व त्याचा उल्लेख करण्यास संकोच करू नये. उसाच्या बेण्यास बुरशीपासून जपण्यासाठी पारायुक्त औषधाच्या द्रावणात कांड्या बुडविण्याची शिफारस पूर्वी सर्वत्र केली जात असे. ॲगॅलॉल, ॲरेटान, एमिसान ही त्या औषधांची बाजारातील नावे जुन्या बागाइतदारांस आठवत असतील. ही सर्व मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराईड या एकाच संयुगाची रूपे होत. भारत सरकारने ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने त्यावर संपूर्ण बंदी घातली. पारायुक्त बीजप्रक्रियेचे भयंकर उदाहरण इराकमध्ये १९७१-७२ साली घडले. पेरणीसाठी दिलेला, पाऱ्याचे औषध लावलेला गहू लोकांनी दळून खाल्ला. ६,५३० लोकांस रुग्णालयात दाखल करावे लागले व त्यांपैकी ४५९ दगावले.

आता प्रश्न असा की, गाळाच्या एका मुठीत या चारही मार्गांचा पारा मिसळलेला असला, तर कोणाचा किती हे ओळखावे कसे? नेहमीच्या पृथक्करणाने पाऱ्याचे एकूण प्रमाण तेवढे कळते. शहर म्हणते दोष शेतीचा, शेतकरी म्हणतो दोष शहराचा, आणि वाद तेथेच राहतो.

एकाच पाऱ्याची सात वजने

या प्रश्नाचे उत्तर पाऱ्याच्या अणूंतच आहे. पाऱ्याचे सर्व अणू गुणाने सारखे असले, तरी वजनाने सारखे नसतात. निसर्गात पाऱ्याचे १९६, १९८, १९९, २००, २०१, २०२ व २०४ असे सात वजनांचे स्थिर अणू आढळतात. त्यांस समस्थानिक किंवा आयसोटोप म्हणतात. हे किरणोत्सारी नसतात. शंभर अणूंत २०२ वजनाचे सुमारे तीस व २०० वजनाचे सुमारे तेवीस असतात, तर १९६ वजनाचे हजारात दोनही भरत नाहीत.

हे प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असते, पण अगदी एकच नसते. खळ्यावर उफणणी करताना हलका भुसा वाऱ्याने दूर जातो व भरलेला दाणा पायाशी पडतो, तसेच काहीसे येथे घडते. पारा तापवून त्याची वाफ केली, तर हलके अणू किंचित आधी निघून जातात व मागे राहिलेल्या भागात जड अणूंचे प्रमाण किंचित वाढते. झाडाची पाने हवेतून पारा घेतात, तेव्हा ती हलक्या अणूंस अधिक पसंत करतात. म्हणून पालापाचोळ्यातून मातीत आलेला पारा हलक्या बाजूस झुकलेला असतो. अशा रीतीने पारा ज्या भट्टीतून, पानातून वा नळातून गेला, त्याची खूण त्याच्या अंगावर राहते.

याशिवाय दुसरी एक खूण आहे. पाण्यातील पाऱ्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया झाली, की १९९ व २०१ या विषम वजनांच्या अणूंचे प्रमाण असे बदलते की त्याचा मेळ केवळ वजनाच्या नियमाने बसत नाही. हा शोध अमेरिकेतील बर्गक्विस्ट व ब्लम या शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केला. पाऱ्यास एकाऐवजी दोन ठसे मिळाल्यामुळे उगम ओळखणे पुष्कळ सोपे झाले.

हे फरक अतिशय सूक्ष्म, म्हणजे हजारात एखाद-दोन भागांचे असतात. ते मोजण्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र लागते. त्यात पाऱ्याच्या अणूंस विद्युत्भारित करून चुंबकाजवळून नेतात. हलका अणू अधिक वळतो, जड अणू कमी वळतो, आणि प्रत्येक वजनाचा अणू आपापल्या घरात जाऊन पडतो. मग प्रत्येक घरातील मोजणी करून ती एका ठरीव प्रमाण-नमुन्याशी ताडून पाहतात.

दुधाच्या फॅटचा दाखला

मिश्रणातून हिस्सा काढण्याची रीत डेअरीत दूध घालणाऱ्या शेतकऱ्यास नवी नाही. गाईच्या दुधाचा फॅट ४ व म्हशीच्या दुधाचा ७ आहे असे समजा. कॅनमधील मिश्र दुधाचा फॅट ६ आला, तर त्यात दोन भाग म्हशीचे व एक भाग गाईचे, हे पाहिल्याबरोबर सांगता येते. गाळातील पाऱ्याचा हिशेब असाच करतात. प्रत्येक उगमाचा ठसा आधी स्वतंत्र मोजावयाचा, नंतर गाळातील मिश्र पाऱ्याचा ठसा मोजावयाचा व त्यावरून प्रत्येकाचा हिस्सा काढावयाचा. हा हिस्सा पाऱ्याच्या वजनातील असतो, गाळाच्या वजनातील नव्हे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या गोठ्याचे दूध त्याच कॅनमध्ये पडले, तर केवळ फॅटवरून हिशेब सुटत नाही. त्यासाठी एसएनएफही पाहावे लागते. पाऱ्याच्या बाबतीत विषम अणूंचा दुसरा ठसा हेच काम करतो.

इतरत्र आलेला अनुभव

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागरात दोन प्रकारच्या जुन्या खाणींचा पारा उतरला आहे. दक्षिणेस न्यू आल्माडेन येथे हिंगूळ भाजून पारा काढीत. उत्तरेकडून येणाऱ्या नद्यांच्या वरच्या भागात सोने धुण्यासाठी धातुरूप पारा वापरीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपसागराच्या गाळातील पाऱ्याचे ठसे दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमाने बदलत जातात असे दिसून आले. दक्षिणेस हिंगूळ भाजून उरलेल्या खाणकचऱ्याशी, तर उत्तरेस सोन्याच्या खाणींतील पाऱ्याशी ते जुळले. भट्टीत मागे राहिलेला जड भाग व वाफ होऊन निघालेला हलका भाग यांतील भेद शंभर वर्षांनंतरही गाळात टिकून होता.

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील पाच महासरोवरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सुपीरियर, ह्युरॉन व मिशिगन या सरोवरांच्या गाळात हवेतून उतरलेला पारा प्रमुख आढळला, तर ईरी व ऑन्टॅरिओ यांच्या गाळात कारखान्यांचा व पाणलोटातून वाहून आलेला पारा प्रमुख ठरला. उपाय अर्थातच वेगळे झाले. पहिल्या तिहींसाठी दूरदूरच्या धुराड्यांकडे पाहावयास हवे, तर दुसऱ्या दोहोंसाठी काठावरच्या नळांकडे व ओढ्यांकडे.

महाराष्ट्रात पाऱ्याच्या गाळाचा अभ्यास मुख्यतः उल्हास नदीच्या खाडीत झाला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. तेथे पाऱ्याचे घट वापरणाऱ्या कॉस्टिक सोडा कारखान्यांचे सांडपाणी हा उगम उघड होता, म्हणून पाऱ्याचे प्रमाण कोठे वाढते हे पाहूनच बराच बोध होऊ शकला. जेथे शहर, कारखाने, हवा व शेती या चौघांचे पाणी मिसळते, तेथे मात्र केवळ प्रमाणावर विसंबून चालत नाही. मुळा-मुठेचे व भीमेचे खोरे या दुसऱ्या प्रकारात मोडते.

राहू बेटात नमुने कोठून घ्यावेत?

अशा तपासणीत यंत्राइतकेच महत्त्व नमुन्याच्या जागेस आहे. राहू बेटाची रचना या कामी सोयीची आहे, कारण दोन नद्या संगमापर्यंत वेगळ्या वाहतात. संगमाच्या वर मुळा-मुठेच्या गाळाचा एक नमुना, संगमाच्या वर भीमेच्या गाळाचा दुसरा, आणि संगमाच्या खाली मिश्र गाळाचा तिसरा घ्यावा. केवळ शेताचे पाणी घेऊन येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी चौथा नमुना घ्यावा, म्हणजे शेतीचा हिस्सा वेगळा पाडता येईल. पाचवा नमुना खडकवासल्याच्या वरच्या बाजूचा घ्यावा. शहराचे पाणी मिसळण्यापूर्वी नदीचा मूळ ठसा काय होता, हे त्यावरून समजेल. यांशिवाय उगमांचेही नमुने, म्हणजे शहराच्या नाल्यांतील गाळ, कारखान्यांच्या सांडपाण्यातील गाळ आणि पाऊस व पालापाचोळा, प्रयोगशाळेने घ्यावयास हवेत.

गाळाचे थर कालाचीही नोंद ठेवतात. शिसे-२१० हा किरणोत्सारी समस्थानिक सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो. त्यावरून थराचे वय काढता येते. मात्र वाहत्या नदीत पूर येऊन थर उलटेपालटे होतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या लोंढ्यासारख्या पुरात तर जुना गाळ सर्वस्वी हलतो. यास्तव वयाचा हिशेब करावयाचा असल्यास धरणाच्या संथ पाण्यातील गाळ अधिक भरवशाचा असतो.

या पद्धतीस मर्यादा आहेत. दोन उगमांचे ठसे कधी कधी सारखेच निघतात व मग त्यांस वेगळे करता येत नाही. तपासणी खर्चाची असून तिची साधने देशातील मोजक्या संशोधन संस्थांतच आहेत. म्हणून प्रथम नेहमीच्या पद्धतीने पाऱ्याचे एकूण प्रमाण तपासावे आणि ते जास्त आढळेल तेथेच समस्थानिकांची तपासणी करावी, हा क्रम योग्य होय.

गावात काय करावे?

१. शहराच्या खालच्या बाजूचा नदीचा गाळ पाऱ्याची व इतर जड धातूंची तपासणी केल्याशिवाय शेतात पसरू नये. जमीन आरोग्य पत्रिकेतील बारा घटकांत पाऱ्याचा समावेश नाही. तेव्हा ती पत्रिका चांगली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. जड धातूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडेच नमुना पाठवावा.

२. तपासणीचा आकडा ताडून पाहण्यासाठी एक माप उपयोगी आहे. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्ट खतात किलोमागे ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा चालत नाही. हे माप गाळासाठी केलेले नसले, तरी गाळ त्याहून वरचढ निघाल्यास तो शेतात न आणणेच शहाणपणाचे.

३. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरावा व बर्फात ठेवून पाठवावा. तो उन्हात वाळवू नये किंवा तापवू नये. उष्णतेने पारा उडून जातो व उन्हाने त्याचा ठसा बदलतो. बाटलीवर जागा, खोली व तारीख लिहावी.

४. पारायुक्त जुन्या औषधाचे डबे गोठ्यात वा माळ्यावर पडलेले असल्यास ते उघडू नयेत, पुरू नयेत, जाळू नयेत किंवा नदीत टाकू नयेत. तालुका कृषी अधिकाऱ्यास त्याची माहिती द्यावी.

५. बेणेप्रक्रियेसाठी कृषी विद्यापीठाने शिफारस केलेली व आज मान्यता असलेली औषधेच वापरावीत. प्रक्रिया केलेले बियाणे माणसांच्या वा जनावरांच्या खाण्यात कदापि येऊ देऊ नये.

६. गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाडाशिवाय शहरी कचरा जाळू नये. फुटलेल्या ट्यूब व तापमापक उकिरड्यावर टाकू नयेत, कारण तोच उकिरडा पुढे शेतात जातो.

७. काळ्या, दुर्गंधी सुटलेल्या डोहातील मासे गरोदर स्त्रिया व लहान मुले यांस खाऊ घालू नयेत.

पाऱ्याच्या नियंत्रणासाठी मिनामाता येथील रोगाच्या नावाने झालेला आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला व भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. करार देशाने केला, तरी त्याची परीक्षा गावाच्या बंधाऱ्यावर होते. काठावरच्या गावाने आपला नमुना नीट घेतला, आपल्या शेताच्या ओढ्याचा नमुनाही त्यात न लपवता ठेवला, तर वरच्या शहराकडे मागणे मागताना त्याच्या हातात पुरावा असेल. मग नुसत्या आरोपांवर विसंबण्याची पाळी येणार नाही. पुराव्यात आपलाही हिस्सा निघाला, तर तो थांबविणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.